मुरूम किती ब्रास लागेल?
गेटपासून पोर्चपर्यंत रस्ता करताय? ट्रॉलीवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका, टेप घ्या. लांबी, रुंदी, जाडी फुटांत गुणा आणि १०० ने भागा. येईल तो ब्रास. ४० फूट लांब, १० फूट रुंद, अर्धा फूट थर म्हणजे २०० घनफूट, २ ब्रास. पण हा दाबलेला थर झाला. रोलरखाली मुरूम बसतो, म्हणून अडीच ब्रास मागवा. कोल्हापुरात पंचगंगेकाठची काळी माती असेल तर ती आधी उकरून काढाच. पावसाळ्यात ती फुगते नि मुरूम गिळते. तेवढी खोली जाडीत धरा. ट्रॉली ओतण्याआधी हौद आतून मोजा: १० बाय ५ बाय २ फूट काठोकाठ भरला तरच १ ब्रास. मधला ढीग बघून फसू नका, कोपरे बघा.