तालुक्याचे अग्निशमन केंद्र बंद पडू नये म्हणून गावांनी पाठपुरावा कसा करावा

उसाच्या फडाला आग लागते तेव्हा गाव ज्या बंबाची वाट पाहते, तो बहुधा तालुक्याच्या नगरपरिषदेचा, औद्योगिक वसाहतीचा किंवा साखर कारखान्याचा असतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांमध्ये आहे; पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र ती नाही. त्यामुळे गावांना वाचवणाऱ्या केंद्राच्या अंदाजपत्रकावर गावांचा कोणताच हक्क पोहोचत नाही, आणि पाठपुराव्याची सुरुवात ही अडचण ओळखूनच करावी लागते.

असे केंद्र आदेश काढून क्वचितच बंद होते. फलक तसाच राहतो, गाडीही उभी असते. फक्त रात्रपाळीला चालक नसतो. म्हणून प्रथम माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून नगरपरिषदेकडे अर्ज करावा. मंजूर पदे किती व भरलेली किती, तिन्ही पाळ्यांना चालक व फायरमन आहेत का, गेल्या तीन वर्षांत इंधन व दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि हद्दीबाहेरच्या किती वर्दींना (म्हणजे आगीच्या सूचनांना) गाडी गेली, एवढे नेमके विचारावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते.

प्रत्येक गाडीच्या पहिल्या नोंदणीची तारीख मागण्यास विसरू नये. शासकीय व स्थानिक संस्थांच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण न करण्याचा केंद्र सरकारचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. अग्निशमन वाहन वर्षाकाठी थोडेच धावते, त्यामुळे त्याचे इंजिन सुस्थितीत असतानाच कागदावरचे आयुष्य संपते. ज्या केंद्रात एकच गाडी आहे, तिथे ही तारीख म्हणजेच केंद्र थांबण्याची तारीख ठरू शकते. तिच्या किमान दोन वर्षे आधी नव्या गाडीची मागणी नोंदवलेली असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

निधी मागताना भांडवली आणि आवर्ती खर्च वेगळे मांडावेत. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. पण नवी गाडी मिळाली तरी चालकाचा पगार आणि डिझेल दरमहा लागतेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) अनुदानातूनही वेतनावर खर्च करण्यास ग्रामपंचायतींना मुभा नव्हती. म्हणून परिसरातील ग्रामपंचायतींनी मिळून नगरपरिषदेला वार्षिक अंशदान देण्याचा करार कोणत्या निधीतून करता येईल, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. गाडीसाठीची मागणी जिल्हा नियोजन समितीकडे स्वतंत्रपणे करावी.

यानंतर ग्रामसभेत ठराव करावा. ‘सक्षम यंत्रणा उभारावी’ अशी मोघम भाषा टाळून, दूरध्वनी केल्याची वेळ, बंब पोहोचल्याची वेळ, जळालेले क्षेत्र आणि नुकसानीचा पंचनामा ठरावाला जोडावा. प्रती नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले जिल्हाधिकारी आणि मुंबईतील महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय यांना पाठवून प्रत्येकाची पोच जपून ठेवावी.

पाठपुरावा चालू असतानाच, बंबाला पाणी भरता येईल अशा विहिरी व शेततळी, आणि तिथवर जड वाहन जाईल असे रस्ते यांची यादी करून ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष नेऊन द्यावी. गाडीतील काही हजार लिटर पाणी थोड्याच मिनिटांत संपते.