नेपोलियनला खरंच थंडीनं हरवलं का? असले प्रश्न पडले की उत्तर कसं शोधायचं

लढाया आणि राजकारणाबद्दल असले प्रश्न पडत असतील तर एका ओळीच्या उत्तरावर थांबू नका, प्लीज. फ्रेंच सम्राट नेपोलियनची १८१२ ची रशियावरची मोहीमच घेऊ, तिथं तो थंडीमुळे हरला असं नेहमी सांगतात.

आधी प्रश्न बारीक करा. "नेपोलियन का हरला" याला अंतच नाही, पण "बर्फ पडायच्या आधी त्याच्याकडे किती माणसं उरली होती" हे शोधता येतं.

मग कागदावर तारखा मांडा. २४ जूनला फौज रशियाच्या सरहद्दीवरची नेमन नदी ओलांडायला लागली, ७ सप्टेंबरला मॉस्कोच्या अलीकडे बोरोदिनोची लढाई, १४ ला मॉस्कोत, १९ ऑक्टोबरला परत फिरला आणि कडाका सुरू झाला नोव्हेंबरात. एवढं मांडलं तरी बरंच दिसायला लागतं. फक्त एक सांभाळा, रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, १२ दिवस मागे, म्हणून त्यांच्याकडे बोरोदिनो २६ ऑगस्टला दिसतं, दोन्ही तारखा बरोबरच आहेत. (१९१७ ची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात येते ती यामुळेच, तोवर फरक १३ दिवसांचा झाला होता.)

आता आकडे. मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरचा या मोहिमेचा १८६९ चा नकाशा उघडा आणि नुसता त्यातला पट्टा बघत बसा, पट्ट्याची जाडी म्हणजे सैनिकांची संख्या, जाताना ४,२२,००० चा जाडजूड, मॉस्कोत १,००,०००, आणि परत येताना १०,००० ची रेघ. काही तुकड्या वाटेत ठेवलेल्या होत्या, त्या वजा करा, तरी थंडीच्या आधीची गळती प्रचंड आहे. टायफस (उवांतून पसरणारा ताप), हगवण, पळून गेलेले सैनिक, चाऱ्याविना मेलेले घोडे, वर बोरोदिनो.

मग थंडीची गोष्ट आली कुठून? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कोण सांगतंय आणि त्यात त्याचा फायदा काय. ३ डिसेंबरचं नेपोलियनचं २९ वं बुलेटिन, म्हणजे मोहिमेच्या बातम्यांचं सरकारी पत्रक, वाचा, त्यात सगळा दोष थंडीवर ढकललाय आणि शेवट काय, तर सम्राटांची तब्येत इतकी छान कधीच नव्हती! हजारो घरांतली माणसं परत आली नव्हती आणि त्या घरांना हे वाचायला मिळालं.

पण म्हणून लगेच "थंडीचा काही संबंधच नव्हता" असं दुसरं टोकही गाठू नका, परतीच्या वाटेवर माणसं गारठून मेलीच. वहीत उत्तर लिहिताना दोन भाग करा, जाताना का गळाले आणि येताना का गळाले.