शिशाच्या पट्ट्यांची खिडकी ग्राहकाला कशी साफ आणि पॉलिश करून द्यावी

काचेचे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली खिडकी साफ करायला बोलावलं, की मागणी बहुधा एकच असते: "शिसं चकचकीत करून द्या." काम हातात घेण्याआधीच ग्राहकाला समजावून सांगा, की शिशावरचा गडद राखाडी थर हा मळ नाही. हवेशी संयोग होऊन धातूवर धरलेली ती साय आहे आणि तीच आतल्या शिशाला झिजेपासून वाचवते. ती घासून काढली तर पट्टी काही काळ चमकेल आणि पुन्हा काळवंडेल. शिसं मात्र तेवढं कमी झालेलं असेल. चमक काचेला द्यायची, शिशाला एकसारखा काळा रंग. एवढं पटलं की पुढचं काम सोपं जातं.

आधी खिडकी दोन्ही बाजूंनी नीट बघा. बॅटरीचा झोत तिरका टाकला की तडे, फुगवटा, सुटलेले डाख (पट्ट्यांचे जोड सांधणारा वितळवलेला धातू) सगळं दिसतं. बोटाने काचेवर अगदी हलकं टकटक करा. तुकडा खुळखुळला तर पट्टीतलं लुकण, म्हणजे काच घट्ट धरणारी पुटी, झडलं आहे. काचेवर तपकिरी-काळ्या रेषांची चित्रं असतील तर विशेष जपा. हा रंग भट्टीत भाजून काचेवर बसवलेला असतो, पण जुन्या खिडक्यांत तो भुकटी होऊन सुटू लागतो. तसा सुटत असेल, किंवा खिडकीला मोठा बाक आला असेल, तर काम घेऊ नका. जुन्या काचेचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे पाठवा. काही खिडक्यांत अखंड काचेवर शिशाची पट्टी नुसती चिकटवलेली असते. तिथे पट्टीची कड ओढली जाणार नाही याची काळजी घेतली की पुरे.

जुन्या तड्यांचे फोटो काढा, ग्राहकाला दाखवा आणि लिहून ठेवा. नंतरचा वाद त्यामुळे टळतो.

आता सुरक्षितता, आणि इथे कुचराई नको. शिसं विषारी आहे. पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाच्या गंजाची असते, आणि श्वासातून किंवा हातातून ती शरीरात जाऊ शकते. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खाली प्लास्टिक अंथरा. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून लांब ठेवा. कोरडं घासणं, सँडपेपर, तारेचा ब्रश पूर्ण वर्ज्य. भुकटी नेहमी ओल्या कापडानेच टिपा. काम चालू असताना काही खाऊ नका, संपल्यावर हात साबणाने धुवा. वापरलेली कापडं पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टाका.

सफाईला लागतं ते थोडकंच: डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ सुती कापडं, इअरबड. व्हिनेगर आणि अमोनियाचे काच-क्लीनर बाजूला ठेवा. व्हिनेगरमधलं आम्ल शिसं खातं. पूर्वी पांढरा शिसे-रंग तयार करायला व्हिनेगरची वाफच वापरत. पाण्याचा फवाराही मारू नका, ते पट्टीखाली शिरतं आणि लुकण सैल करतं.

कापड घट्ट पिळून एकेक तुकडा पुसा. एका हाताने पुसताना दुसरा तळहात मागच्या बाजूने त्याच जागी टेकवा, म्हणजे दाब काचेवर पडतो, मऊ शिशावर नाही. मागून हात पोहोचत नसेल तर दाब आणखी कमी करा. कोपऱ्यातला मळ काढायला ओलसर इअरबड पट्टीच्या कडेने फिरवत न्या. घासू नका, नुसता गोल फिरू द्या, काळा पडला की नवा घ्या. इथे वेळ जातो, पण खिडकीचा उजेड बदलतो तो या कोपऱ्यांमुळेच. ब्लेड कुठेच चालवू नका. काही रंगीत काचांवर रंगाचा फक्त पातळ थर असतो, एका ओरखड्यात खालची फिकी काच उघडी पडते. शेवटी साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या कापडाने पुसून लगेच कोरडं करा.

पॉलिश सगळ्यात शेवटी, आणि खिडकी घट्ट असेल तरच. चित्रांच्या तुकड्यांजवळ ते वापरू नका. लोखंडी शेगड्यांसाठी मिळणारं काळं ग्रेफाइट पॉलिश चालतं. आधी एखाद्या आडबाजूच्या पट्टीवर लावून ग्राहकाची पसंती घ्या. मग मऊ ब्रशच्या टोकावर अगदी थोडं घेऊन पट्टीच्या लांबीच्या दिशेने लावा. जोडांवरचा डाख पट्टीपेक्षा उजळ असतो, तिथे ब्रश दोनदा फिरवावा लागतो. थोडं वाळलं की दुसऱ्या स्वच्छ, मऊ ब्रशने हलकेच फिरवत राहा, काळा रंग एकसारखा होतो. कडेने काचेवर आलेलं पॉलिश बांबूच्या काडीला ओलसर कापड गुंडाळून काढा.

काम सोपवताना ग्राहकाला खिडकी दिवसाच्या उजेडात आतून दाखवा आणि सुरुवातीचे फोटो शेजारी ठेवा. सैल तुकडे किंवा सुटलेले डाख दिसले असतील तर तेही बिलावर लिहून द्या. पुढची धूळ त्यांनी ओलसर मऊ कापडाने टिपायची, काच-क्लीनरची बाटली या खिडकीजवळ आणायची नाही, हेही तेव्हाच सांगा.