खुब्याच्या ऑपरेशननंतर चालत राहा, पण या चुका टाळा

"अगं, आता काही दुखत नाही," असं चौथ्या आठवड्यात आई म्हणाली आणि सरळ झोपाळ्याकडे निघाली. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात तिची जागा तीच. मी आडवी आले. खुब्याचा सांधा बदलल्यावर खरी भीती दुखणं थांबल्यानंतरच असते. ठणका लवकर जातो, पण सांध्याभोवतीचे स्नायू भरून यायला दोन-तीन महिने लागतात.

झोपाळा टेकताना मागे सरकतो, शिवाय बैठक ठेंगणी. गुडघा खुब्याच्या वर गेला की नवा सांधा निसटू शकतो, विशेषतः मागून चीर दिली असेल तर. म्हणून पाट, खाली बसायचा संडास, पायावर पाय टाकणं आणि वाकणं, सगळं बंद. आईची जपमाळ पडली की हात आपोआप खाली जायचा. शेवटी उंच खुर्चीच्या हाताला एक पिशवीच बांधली. त्यात माळ, चष्मा, फोन. हे किती दिवस पाळायचं, ते आपल्या सर्जननाच विचारा. झोपाळा मात्र मी कड्यांसकट उतरवून ठेवला.

दुसरी चूक आपण घरचे करतो. "तू बस, मी आणते." मायेनंच म्हणतो, पण बसून बसून स्नायू ओसरतात आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लगेच कमाटीबागेची फेरी नको. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. आईला चहाचा कप न्यायला वॉकर अडतो, मग तिनं स्वयंपाकघरातच बसून प्यावा. तेवढंच चालणं होतं.

काठी बहुतेक जण दुखऱ्या बाजूला धरतात. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात हवी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय. वळताना त्या पायावर गर्रकन फिरू नका, छोटी पावलं टाका.

चालल्यावर थोडं अवघडणं ठीक. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी फेऱ्या कमी करा. पण पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखम झिरपू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खुब्यात अचानक कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, धाप लागली, छातीत दुखलं, तर 108 लावा. अशा वेळी रुग्णाला उठवून उभं करू नका.