वर्गात वेबक्वेस्ट कसं घ्यायचं

मुलांना नुसतं "नेटवरून माहिती काढा" सांगितलं की काय होतं माहितीये ना, विकिपीडियाचं पहिलं पान कॉपी, प्रिंट, फाईल, झालं. त्यापेक्षा वेबक्वेस्ट करून बघा, म्हणजे आपण एक विचार करायला लावणारा प्रश्न आणि ठराविक लिंक द्यायच्या, मुलांनी ग्रुपमध्ये त्यावरून उत्तर शोधून काढायचं. 1995 मध्ये सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या बर्नी डॉज यांनी ही पद्धत काढली, म्हणजे जुनीच आहे पण आपल्याकडे फारशी वापरत नाहीत.

सगळी गंमत प्रश्नात आहे. "किल्ल्यांची माहिती लिहा" हा प्रश्नच नाही. मी आठवीला असं विचारलं, 2025 ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले, त्यातले 11 महाराष्ट्रात मग एकटा जिंजी तमिळनाडूत कसा काय? आता याचं रेडिमेड उत्तर कॉपी करून भागत नाही, राजाराम महाराज तिकडे का गेले, नकाशावर रायगड ते जिंजी अंतर किती, किल्ला इतकी वर्षं कसा टिकला, सगळं जोडावं लागतं.

मग चार-चारचे ग्रुप, एकाला नकाशा, एकाला इतिहास, एकाला बांधकाम, चौथा सगळ्यांचं तपासणार (हे काम भांडखोर पोराला द्या, मस्त करतो). लिंक तुम्हीच आधी शोधून द्यायच्या, पाच-सहा पुरेत, नाहीतर अर्धा तास यूट्यूबवर जातो. मार्क कशाला किती हे पण आधीच फळ्यावर लिहा. लॅबमध्ये नेट गेलं तर? पानं आदल्या दिवशी सेव्ह करून ठेवा.