डी-डायमरची लॅटेक्स स्लाइड चाचणी: चूक बहुधा नळीतच होते

रक्ताची गुठळी होताना फायब्रिन या प्रथिनाची जाळी विणली की रक्त गोठवणारा तेरावा घटक (फॅक्टर XIII) फायब्रिनच्या शेजारच्या डी-भागांना पक्कं सांधतो. गुठळी विरघळवताना प्लाझ्मिन हे एन्झाइम बाकीचं तोडतं, हा सांधा मात्र त्याला तुटत नाही. उरतो तो डी-डायमर. किटमधल्या लॅटेक्सच्या बारीक कणांवर बसवलेली मोनोक्लोनल (एकच जागा ओळखणारी) अँटिबॉडी नेमका हा सांधा ओळखते; डी-डायमर असला की कण एकमेकांना चिकटून दाणे दिसतात, म्हणजे पॉझिटिव्ह. फायब्रिनोजेनमध्ये (फायब्रिनच्या आधीच्या, विरघळलेल्या रूपात) तो नसतोच, म्हणून थेट प्लाझ्मा चालतो. जुन्या एफडीपी (फायब्रिनचे तुटलेले तुकडे शोधणाऱ्या) चाचणीतली पॉलिक्लोनल (अनेक जागा धरणारी) अँटिबॉडी फायब्रिनोजेनलाही धरायची, त्यामुळे तिथे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, फायब्रिनोजेन नसलेला द्रव) काढावं लागे.

नमुना 3.2 टक्के सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या) नळीत, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. 2.7 मिलिलिटरची खूण गाठलीच पाहिजे. नळी अर्धी राहिली तर प्लाझ्मा पातळ होतो आणि आकडा खोटा कमी येतो. नळी हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटी करा, सेंट्रिफ्यूजमध्ये 1500 जी वर 15 मिनिटं फिरवा. तळाशी छोटी गुठळी दिसली तर नमुना टाकून द्या.

लॅटेक्सची बाटली फ्रीजरमध्ये कधीच ठेवू नका; गोठलेले कण आपोआप गोळा होतात. खोलीच्या तापमानाला आणून, फेस न होऊ देता सारखी करून घ्या. स्लाइडवर प्लाझ्मा आणि लॅटेक्स किटने सांगितलेल्या मापात (बऱ्याचदा प्रत्येकी 20 मायक्रोलिटर) घ्या, काडीने पसरवा, स्लाइड गोल-गोल झुलवा आणि घड्याळ लावून ठरलेल्या वेळेलाच वाचा. उशीर झाला की कडा सुकतात आणि तिथे रवाळ दाणे दिसतात. ते पॉझिटिव्ह नव्हेत. निगेटिव्ह कंट्रोल (किटमधला, निगेटिव्हच यायला हवा असा नमुना) दुधासारखा गुळगुळीत दिसला तरच पुढे जा.

पॉझिटिव्ह आल्यास किटच्या बफरमध्ये 1:2, 1:4, 1:8 विरळ करा. मर्यादा 0.5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असून 1:4 ला दाणे आहेत, 1:8 ला नाहीत, तर पातळी 2 ते 4 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मधली.

डी-डायमर अफाट असेल तर अँटिबॉडीच्या सगळ्या जागा भरून जातात आणि कणांना जोडणारं काही उरत नाही. दाट संशय असूनही स्लाइड कोरी दिसली, तर प्लाझ्मा 1:10 करून पुन्हा बघा. उलट, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (संधिवातात बऱ्याचदा आढळणारी अँटिबॉडी) डी-डायमर नसतानाही कण गोळा करू शकतो. विरळ करत गेल्यावर आकडे प्रमाणात उतरले नाहीत तर तोच संशय घ्यावा.

रिपोर्टवर आकडा एफईयू (फायब्रिनोजेन-समतुल्य एकक) मध्ये आहे की डीडीयू (डी-डायमर एकक) मध्ये, हे लिहाच: 0.5 एफईयू म्हणजे साधारण 0.25 डीडीयू. आणि स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून पायातली किंवा फुप्फुसातली गुठळी नाही असं कळवू नका. त्यासाठी जास्त संवेदनशील, आकडा देणारी चाचणीच लागते.