पंजाबी मध्यमवर्गीय घरावर क्राईम थ्रिलर सिरीज लिहायचीये? आधी घर लिहा

बरेच जण आधी खून ठरवतात, मग व्हिलन, आणि घरातली माणसं सगळ्यात शेवटी उरलेल्या जागेत कोंबतात. कुटुंबाची गोष्ट असेल तर उलटं करा. पहिल्या दिवशी फक्त घराचा हिशोब कागदावर मांडा, म्हणजे कमावतं कोण, लोन किती, सोनं कुठे गहाण आहे, आणि घरातल्या कोणाला काय झालं तर बाप कोलमडेल. थ्रिल तिथूनच येणारे.

शहर पक्कं करा, नुसतं 'पंजाब' म्हणून भागत नाही. जालंधर घेऊ. बियास आणि सतलजच्या मधला हा दोआबा, इथली खूप घरं परदेशात पसरलेली. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या लोकांनी इथे खेळाच्या सामानाचा धंदा वाढवला, तर बाप बॅटी बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर असू दे आणि मुलगी आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला जाणारी. आता बघा, कॅनडाने 1 जानेवारी 2024 पासून स्टुडंटने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम 10,000 कॅनेडियन डॉलरवरून डायरेक्ट 20,635 केली. पगारावर चालणाऱ्या घराला हा एवढा एक आकडा चुकीच्या दारात नेऊ शकतो, त्यासाठी वेगळा लोभी माणूस आणायची गरजच नाही.

जात-धर्मही ठरवून टाका. 2011 च्या जनगणनेत पंजाबची जवळपास 32 टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची होती, आणि दोआब्यात हे प्रमाण आणखी जास्त. घर जट्ट शीख (शेतकरी जात) आहे, खत्री हिंदू (व्यापारी जात) आहे की रविदासिया (संत रविदासांना मानणारा दलित समाज), यावर कुठल्या गुरुद्वारात किंवा मंदिरात जाणार, ठाण्यात ओळख कोणाची निघणार, मदतीला कोण धावणार हे सगळं बदलतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रेक्षक पहिल्याच एपिसोडला विचारणार की हे लोक पोलिसांकडे का जात नाहीत? याचं उत्तर भक्कम नसेल तर पुढचे सगळे एपिसोड वाया. समजा धाकट्या मुलाने मित्राची बॅग घरी ठेवून घेतली आणि आत चिट्टा निघाला, म्हणजे हेरॉईन. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉईनची कमी मात्रा 5 ग्रॅम आणि व्यापारी मात्रा 250 ग्रॅम, त्यामुळे पुडकं 300 ग्रॅमचं ठेवा. मग शिक्षा किमान 10 वर्षं, दंड किमान 1 लाख, कलम 37 मुळे जामीन फार अवघड, आणि कलम 54 प्रमाणे माल ज्याच्या ताब्यात सापडला त्यानेच समाधानकारक खुलासा द्यायचा. बापाला हे कोणी वकील सांगेल तेव्हा तो गप्प बसेल, आणि त्याच्या जागी आपणही बसलो असतो असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. कथेचं सालही आधीच ठरवा कारण 1 जुलै 2024 नंतरचा खून असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 103 आणि पुरावा नष्ट करण्याला 238, त्याआधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं 302 आणि 201. जालंधर शहराला पोलीस कमिशनर असतो आणि ग्रामीणला एसएसपी (वरिष्ठ पोलीस अधीक्षक), हेही नीट लिहा.

लपवायच्या जागा घरातूनच शोधा. पंजाबी घरात रजया ठेवायची मोठी पत्र्याची पेटी असते. पुडकं तिच्या तळाशी. मग जानेवारीच्या धुक्यात आजीने आधीच बोललेला अखंड पाठ घरी लावा. साधारण 48 तास न थांबता गुरु ग्रंथ साहिबचं वाचन, पाठी म्हणजे वाचणारे आळीपाळीने बसतात, लंगर शिजतोय, शेजारी नातेवाईक येतायत जातायत, दार बंद करायची सोय नाही आणि रात्री पाहुण्यांना थंडी वाजते म्हणून कोणीतरी सहज म्हणतं, पेटीतनं रजया काढा ना. या सीनला पिस्तुलाची गरज नाही. मात्र पाठाचा मान राखून लिहा, तो फक्त टेन्शन वाढवायचं सामान वाटता कामा नये. आईला गुरु ग्रंथ साहिबसमोर खोटं बोलणं खरंच जड जातंय, हे तिच्या प्रत्येक वाक्यात आलं पाहिजे.

खोटं दरवेळी घरातल्याच कोणाकडून तरी किंमत वसूल करू दे. मुलीचा व्हिसा जातो, भावाभावात बोलणं बंद होतं. नुसती प्रेतं वाढवत नेलीत तर चौथ्या एपिसोडला लोक फोन बघायला लागतील.

भाषेत दर वाक्याला 'ओये' आणि 'बल्ले बल्ले' नको. जालंधरला मोठ्या माणसाला 'भाजी' म्हणतात, पंजाबातल्याच माळवा भागात 'बाई', दोन्हीचा अर्थ आपल्या 'दादा'सारखा, एवढा फरकही तिथला प्रेक्षक लगेच पकडतो. दोआब्यात जाऊन राहणं जमत नसेल तर नांदेडला जा, हुजूर साहिबला पंजाबातून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, लंगरमध्ये सेवा करा, आयांशी बोला, ऐका, आणि लिहिलेले डायलॉग तिथल्याच कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा जिथे अडखळेल ती ओळ बदला.